वहिवाटीचा दावा आणि वादीची गैरहजेरी

जमीन कितीही कसदार असली, विहिरीला बारमाही पाणी असले, तरी शेतावर गाडी नेण्यास वाट नसेल तर त्या कसाचा आणि त्या पाण्याचा उपयोग अर्धाच राहतो. पेरणीच्या वेळी बी-खत शेतात पोहोचत नाही आणि काढणी झालेला माल बांधाबाहेर निघत नाही. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे जसजसे लहान होत गेले, तसतसा वाटेचा प्रश्न अधिक बिकट होत गेला. आज ग्रामीण भागातून दिवाणी न्यायालयात आणि तहसील कचेरीत जे तंटे येतात, त्यांत गाडीवाट, पायवाट, पाण्याचा पाट आणि सांडपाण्याची मोरी यांविषयीचे तंटे नित्याचेच झाले आहेत.

यांपैकी काही दावे पुराव्याअभावी फसतात, काही तडजोडीने मिटतात. परंतु काही दावे पुराव्याच्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाहीत. वादी नेमलेल्या तारखेस हजर राहत नाही, त्याचे वकीलही हजर नसतात, आणि न्यायालय दावा काढून टाकते. अशा वेळी हक्क खरा होता की खोटा, याचा विचारच झालेला नसतो. तरीही त्या आदेशाचे परिणाम दूरगामी असतात. ते कोणते, ते टाळता कसे येतील आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांना त्या कामी काय साह्य करता येईल, याची माहिती असणे उपयुक्त ठरेल.

सुविधाधिकार म्हणजे काय?

दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवरून जाण्या-येण्याचा, पाणी नेण्याचा किंवा तत्सम मर्यादित उपयोग करण्याचा जो हक्क एखाद्या जमिनीच्या मालकास किंवा कब्जेदारास त्या जमिनीच्या सोयीसाठी मिळतो, त्यास कायद्यात ‘सुविधाधिकार’ म्हणतात. बोलीभाषेत त्यासच वहिवाटीचा हक्क असे म्हटले जाते. या विषयाचा मूळ कायदा म्हणजे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२. हा हक्क व्यक्तीचा नसून जमिनीचा असतो. जमीन विकली गेली तरी तो जमिनीबरोबर जातो. तो मालकी हक्क मात्र नव्हे. ज्याच्या बांधावरून वाट जाते, त्याची त्या बांधावरील मालकी कायमच राहते.

हा हक्क मुख्यतः तीन प्रकारे प्राप्त होतो. पहिला प्रकार करारान्वये, म्हणजे खरेदीखतात किंवा वाटणीपत्रात वाटेची तरतूद केल्याने. दुसरा प्रकार निकडीचा. मूळची एक जमीन वाटणीने किंवा विक्रीने दुभंगली आणि एका तुकड्यावर जाण्यास दुसऱ्या तुकड्यावरून गेल्याखेरीज गत्यंतरच उरले नाही, तर कलम १३ नुसार हा हक्क निर्माण होतो. निकड संपली की तो कलम ४१ नुसार संपतो. केवळ जवळची वाट पडते, एवढ्यावरून तो मिळत नाही. तिसरा प्रकार चिरभोगाचा. कलम १५ नुसार एखादी वाट शांततेने, उघडपणे, हक्काने आणि खंड न पडता वीस वर्षे वापरली गेली असेल, तर त्या वापरातून हक्क सिद्ध होतो. सरकारी जमिनीच्या बाबतीत ही मुदत तीस वर्षांची आहे. याखेरीज स्थानिक रूढीनेही असा हक्क मिळू शकतो.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. शेजाऱ्याने चांगुलपणाने दिलेली परवानगी म्हणजे हक्क नव्हे. परवानगीने केलेला वापर कितीही वर्षे चालला तरी तो ‘हक्काने’ केलेला वापर ठरत नाही.

दाव्यात काय सिद्ध करावे लागते?

सुविधाधिकाराचा दावा जिंकण्यासाठी वाट कोठून कोठे जाते, तिची रुंदी किती, ती कोणत्या कामासाठी आणि केव्हापासून वापरात आहे, हे वादपत्रात स्पष्ट लिहावे लागते व पुराव्याने शाबीत करावे लागते. गोव्यातील एका वाटेच्या तंट्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय या दृष्टीने बोधप्रद आहे. २००५ च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झालेल्या या निर्णयानुसार, वीस वर्षांच्या अखंड वापराविषयी नेमके कथन व पुरावा नसेल, तर मोघम विधानांवरून चिरभोगाचा हक्क मान्य करता येत नाही. २००८ मधील दुसऱ्या एका निर्णयात याच न्यायालयाने असे सांगितले की, ज्या वादीने केवळ मालकीच्या आधारे दावा लावला, त्यास मालकी सिद्ध न झाल्यावर न मागितलेला सुविधाधिकार देता येणार नाही.

म्हणजे हा सर्व भार वादीवर आहे. वाटेचे साक्षीदार बहुधा गावातील वृद्ध मंडळी असतात. त्यांच्या हयातीतच त्यांची साक्ष होणे अगत्याचे असते. दाव्यास विलंब लागला तर नुकसान होते ते प्रामुख्याने वादीचे. आणि वादी अनुपस्थित राहिला, तर त्याच्या बाजूने बोलणारे कोणीच उरत नाही.

एका दाव्याची वाटचाल

ही गोष्ट स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित, परंतु कोणत्याही तालुक्यात घडू शकेल असे उदाहरण घेता येईल. एका शेतकऱ्याचे शेत गावरस्त्यापासून आत आहे. शेजाऱ्याच्या पश्चिमेकडील बांधालगत असलेल्या गाडीवाटेने त्याचे वडील आणि पुढे तो स्वतः असा तीसहून अधिक वर्षे ये-जा करीत आले. एका उन्हाळ्यात शेजाऱ्याने बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालून वाट अडविली. सरपंचांनी दोघांना बसवून पाहिले, पण समेट झाला नाही. शेतकऱ्याने तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात हक्काच्या घोषणेचा व कायम मनाई हुकमाचा दावा दाखल केला. दाव्याच्या निकालापर्यंत वाट मोकळी ठेवावी, असा तात्पुरता हुकूमही त्यास मिळाला. कुंपण निघाले आणि गाडी पुन्हा सुरू झाली.

नेमकी येथेच ढिलाई सुरू होते. वाट मोकळी झाली म्हणजे काम झाले, अशी शेतकऱ्याची समजूत होते. दरम्यान प्रतिवादीची कैफियत दाखल होते, न्यायालय वादाचे मुद्दे काढते आणि वादीच्या पुराव्यासाठी तारीख नेमते. पहिल्या तारखेस पेरणीची घाई असते. दुसऱ्या तारखेस साक्षीचे प्रतिज्ञापत्र तयार नसते. तिसऱ्या तारखेस ‘यापुढे मुदत मिळणार नाही’ असे न्यायालय बजावते. चौथ्या तारखेस पुकारा होतो, तेव्हा प्रतिवादी व त्याचे वकील हजर असतात. वादीच्या बाजूने कोणीच नसते. दावा वादीच्या गैरहजेरीमुळे काढून टाकण्यात येतो. दाव्याबरोबर तात्पुरता मनाई हुकूमही संपतो. शेतकऱ्यास हे कळते ते दोन महिन्यांनी, बांधावर पुन्हा काट्या पडलेल्या दिसल्यावर.

कायद्याची तरतूद

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ९ मध्ये पक्षकारांच्या हजेरी-गैरहजेरीचे नियम आहेत. सुनावणीच्या वेळी दोन्ही पक्ष गैरहजर असतील, तर नियम ३ नुसार दावा काढून टाकता येतो. परंतु अशा वेळी नियम ४ नुसार वादीस, मुदत शिल्लक असल्यास, नवा दावा लावता येतो किंवा जुना दावा पुन्हा चालू करण्याची विनंती करता येते.

प्रतिवादी हजर असून केवळ वादी गैरहजर असेल, तर मात्र स्थिती वेगळी होते. नियम ८ नुसार, प्रतिवादीने दाव्यातील मागणी किंवा तिचा काही भाग मान्य केला असेल तेवढ्यापुरता अपवाद सोडून, न्यायालय दावा काढून टाकते. त्यानंतर नियम ९ नुसार त्याच वादकारणावर वादीस नवा दावा लावता येत नाही. दोन्ही नियमांतील हा फरक मोठा आहे, आणि बहुतेक पक्षकारांस तो ठाऊक नसतो. तहकूब तारखेस वादी न आल्यास आदेश १७, नियम २ नुसार हेच नियम लावता येतात. मात्र वादीचा पुरावा किंवा त्याचा बराचसा भाग आधीच नोंदला गेला असेल, तर तो हजर आहे असे समजून दावा गुणदोषांवर पुढे चालविण्याची मुभा न्यायालयास आहे.

हजेरी म्हणजे प्रत्येक तारखेस वादीने स्वतः उभे राहणे नव्हे. आदेश ३ नुसार वकिलामार्फत हजर राहता येते. परंतु स्वतःच्या साक्षीसाठी व उलटतपासणीसाठी वादीस यावेच लागते. तारखा वाढवून मिळण्यासही मर्यादा आहे. १ जुलै २००२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार दाव्याच्या सुनावणीत एका पक्षास तीनपेक्षा अधिक वेळा तहकुबी देऊ नये, असा नियम आहे. अगदी अपवादात्मक परिस्थितीत त्यातून सूट मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट केले. पण त्या अपवादावर विसंबून राहणे शहाणपणाचे नव्हे.

प्रतिवादी काय जिंकला?

गैरहजेरीमुळे दावा काढून टाकण्याचा आदेश हा हक्काविषयीचा निर्णय नसतो. वाटेचा हक्क अस्तित्वात नाही, असे न्यायालयाने ठरविलेले नसते. कायद्याच्या परिभाषेत हा आदेश हुकूमनामाही नव्हे. नियम ९ ची बंदी आहे ती नवा दावा लावण्यावर. उद्या शेजाऱ्यानेच उलट दावा लावला, तर आपला हक्क बचाव म्हणून मांडण्यास या शेतकऱ्यास त्या नियमाची आडकाठी नाही.

पण व्यवहारात यातून फारसा दिलासा मिळत नाही. ज्याने वाट अडविली, त्याला दावा लावण्याची गरजच नसते. तो स्वस्थ बसतो आणि वाट बंद राहते. पुन्हा घातलेले कुंपण हे नवे वादकारण की जुनेच, यावर स्वतंत्र वाद उभा राहतो, आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो.

याहून गंभीर गोष्ट आहे ती काळाच्या मोजणीची. कलम १५ नुसार वीस वर्षांचा वापर हा दावा दाखल होण्यापूर्वीच्या दोन वर्षांच्या आत संपलेला असला पाहिजे. तसेच दुसऱ्याने केलेल्या अडथळ्यामुळे वापर प्रत्यक्ष थांबला आणि अडथळा कोणी केला हे कळल्यानंतरही तो एक वर्ष मुकाट्याने सोसला, तर वापरात खंड पडला असे कायदा मानतो. वेळीच दाखल केलेला दावा हा अडथळा सोसला नसल्याचा उत्तम पुरावा असतो. तोच दावा वाऱ्यावर सोडला आणि त्यानंतर वर्ष-दोन वर्षे काहीच हालचाल केली नाही, तर तीस वर्षांच्या वहिवाटीचा आधारच डळमळीत होतो. न चाललेल्या एका तारखेचे मोल असे दोन पिढ्यांच्या वापराइतके ठरू शकते.

तीस दिवसांची मुदत

झालेली चूक सुधारण्याचा मार्ग कायद्याने ठेवलेला आहे. गैरहजेरीस पुरेसे कारण होते, असे वादीने न्यायालयास पटवून दिल्यास नियम ९ नुसार काढून टाकलेला दावा पुन्हा चालू करावा लागतो. खर्चाविषयी योग्य त्या अटी न्यायालय घालू शकते. या अर्जाची नोटीस विरुद्ध पक्षावर बजावल्याखेरीज आदेश होत नाही.

मुदत अधिनियम, १९६३ नुसार हा अर्ज तीस दिवसांत करावयाचा असतो. हे तीस दिवस दावा काढून टाकल्याच्या दिनांकापासून मोजले जातात. ती गोष्ट वादीला केव्हा कळली, यावर ते अवलंबून नसतात. मुदत उलटून गेली असेल, तर विलंब माफ करण्यासाठी कलम ५ खाली वेगळी विनंती करावी लागते. वर दिलेल्या उदाहरणातील शेतकऱ्यास दोन कारणे द्यावी लागतील : तारखेस का आला नाही, आणि तीस दिवसांत अर्ज का केला नाही.

पुरेसे कारण कोणते, याची यादी कायद्यात नाही. आजारपण, घरातील मृत्यू, पुराने वाहतूक बंद पडणे, तारीख चुकीची नोंदली जाणे अशी कारणे खरी असल्यास आणि कागदपत्रांनी किंवा शपथपत्राने दाखविल्यास सामान्यतः विचारात घेतली जातात. ‘शेतीची कामे होती’ एवढेच मोघम कारण टिकेलच असे नाही. कार्यपद्धतीचे नियम न्याय सुकर व्हावा यासाठी आहेत, पक्षकारांना अडकविण्यासाठी नव्हेत, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्येच मांडले आहे. वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध पक्षकारास होऊ नये, असे १९८१ मध्ये म्हटले. मात्र तो काही सरसकट नियम नव्हे, वकिलावर दोष टाकून पक्षकारास आपल्या जबाबदारीतून मुक्त होता येणार नाही, असेही याच न्यायालयाने १९९३ मध्ये बजावले. अर्ज नामंजूर झाल्यास आदेश ४३ नुसार त्यावर अपील करता येते.

गैरहजेरीची इतर रूपे

तारखेस न येणे हेच केवळ दावा बुडण्याचे कारण नसते. समन्सचा खर्च न भरणे, समन्स न बजावता परत आल्यावर सात दिवसांत नव्या समन्ससाठी अर्ज न करणे, दस्तऐवज उघड करण्याविषयीचा न्यायालयाचा आदेश न पाळणे, यांमुळेही दावा काढून टाकला जाऊ शकतो. दाव्याच्या काळात वादी मरण पावला, तर त्याच्या वारसांनी नव्वद दिवसांत आपली नावे लावून घ्यावी लागतात. तसे न केल्यास त्याच्यापुरता दावा आपोआप संपुष्टात येतो. तो आदेश रद्द करून घेण्यासाठी पुढील साठ दिवसांची मुदत असते. घरातील कर्त्या पुरुषाच्या निधनानंतर सातबारावर वारसनोंद होते, पण न्यायालयातील दाव्याची आठवण कोणासच राहत नाही, असे होऊ न देण्याची काळजी घ्यावयास हवी.

दिवाणी दाव्याखेरीज अन्य मार्ग

प्रत्येक वाटेच्या तंट्यास दिवाणी दावा हाच उपाय नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार शेतकऱ्यास आपल्या शेतावर जाण्यासाठी इतर भूमापन क्रमांकांच्या बांधांवरून वाट मिळण्याविषयी तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. शेतकऱ्याची वाजवी गरज पाहून तहसीलदार चौकशीअंती निर्णय देतात. त्या निर्णयाने व्यथित झालेल्या व्यक्तीस एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. पूर्वापार वापरातील वाट अडविली गेली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडथळ्याविरुद्ध तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र त्यासाठी अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते. रस्ता सार्वजनिक असेल, तर प्रश्न सुविधाधिकाराचा राहतच नाही; त्यावरील अतिक्रमण दूर करण्याचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ नुसार पंचायतीस आहे.

दाखल झालेला दावाही लोकन्यायालयात तडजोडीने मिटविता येतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार लोकन्यायालयाचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासमान असतो, त्यावर अपील नसते आणि भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. शेजारी-शेजारी राहणाऱ्यांना हा मार्ग विशेष हिताचा आहे. वाटेची रुंदी किती असावी, पावसाळ्यात चिखल झाल्यास काय करावे, गुरे नेताना पिकाची काळजी कोणी घ्यावी, असे बारकावे तडजोडीत जसे ठरविता येतात, तसे निकालपत्रात क्वचितच येतात.

गावपातळीवर काय करता येईल?

पंचायत सदस्य, शिक्षक आणि ग्रामसेवक यांच्याकडे पक्षकार सल्ल्यासाठी येतो तो बहुधा वाट बंद झाल्यावर. पहिल्याच भेटीत काही साध्या गोष्टी सांगता येतील. दाव्याचा क्रमांक आणि सोळा अंकाक्षरांचा संगणकीय नोंद क्रमांक एका वहीत लिहून ठेवावा. त्या क्रमांकावरून ई-न्यायालय सेवेवर पुढील तारीख आणि झालेला आदेश पाहता येतो. शाळेतील शिक्षकास किंवा महाविद्यालयात जाणाऱ्या मुलास हे काम सहज जमेल. वकिलांकडे पक्षकाराचा चालू दूरध्वनी क्रमांक असावा आणि प्रत्येक तारखेनंतर काय झाले हे विचारण्याची सवय असावी. खरोखरीच जाणे अशक्य असेल, तर आधी वकिलांना कळवून कारणाचा कागद द्यावा. तात्पुरता मनाई हुकूम म्हणजे निकाल नव्हे, हे पुनःपुन्हा सांगावे.

ज्यांना वकिलाचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी तालुका विधी सेवा समिती आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना तेथे मोफत विधी साह्य मिळू शकते.

तंटा उद्भवण्यापूर्वीही बरेच करता येते. भाऊबंदकीत वाटणी होताना प्रत्येक तुकड्याची वाट वाटणीपत्रात रुंदीसह लिहावी. जमीन खरेदी करताना सातबाराबरोबर गावनकाशा पाहावा आणि शेतावर प्रत्यक्ष जाऊन कोणत्या वाटेने पोहोचता येते याची खात्री करावी. वाटेविषयी झालेली तडजोड तोंडी न ठेवता लेखी करून रीतसर नोंदवावी.

न्यायालय वादीच्या वतीने दावा चालवीत नाही; वादीने मांडलेल्या दाव्याचा निर्णय करते. दाद मागणाऱ्याने ती अखेरपर्यंत मागत राहिले पाहिजे, ही कायद्याची अपेक्षा आहे. दावा दाखल करण्यास शेतकऱ्यास शेजाऱ्याचा वैरभाव पत्करावा लागतो, पैसा आणि वेळ खर्च करावा लागतो. एवढे सोसून झाल्यावर केवळ एका तारखेच्या विस्मरणाने शेतावरची वाट बंद पडावी, हे टाळण्यासारखे आहे. वेळेवर मिळालेली अचूक माहिती त्यासाठी पुरेशी असते, आणि ती देण्याचे काम गावातील जाणत्या माणसांस सहज करता येण्यासारखे आहे.